जचगीखाना ते बस्ती: बरकतपुरा परिसरातील माता-बाल आरोग्यसेवेची वाटचाल

बरकतपुऱ्यातल्या बाळंतपणांचा इतिहास बरकतपुऱ्याच्या हद्दीत मावत नाही. हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तरेला असलेल्या या मध्यमवर्गीय मोहल्ल्याच्या पश्चिमेस नारायणगुडा, दक्षिणेस काचीगुडा आणि पूर्वेस अंबरपेठ आहे. नावाजलेला सरकारी जचगीखाना या मोहल्ल्यात कधीच नव्हता. इथल्या बायका सुलतानबाजार, पेटलाबुर्ज किंवा निलोफर इथल्या सरकारी रुग्णालयांत जात आल्या. सरकारी सेवा मोहल्ल्यात पोहोचली ती फार उशिरा, आणि तीही प्रसूतिगृहाच्या रूपाने नाही. नोंदणी, तपासणी आणि लसीकरण करणारे नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, एवढेच तिचे रूप होते. हैदराबादेत आधी मोठी रुग्णालये उभी राहिली आणि गल्लीतली सेवा जवळपास शंभर वर्षांनी आली. हा उलटा क्रम ध्यानात घेतल्याशिवाय इथल्या माता-बाल आरोग्याची गोष्ट नीट कळत नाही.

एकोणिसाव्या शतकात बाळंतपण घरातच होई, मग घर नवाबाचे असो की कारकुनाचे. सुईण वा दाई बोलावली जाई. अनुभवी दाईचा हात बसलेला असे, अडलेली बाई सोडवण्याचे कसबही तिच्यापाशी असे. पण निर्जंतुकता म्हणजे काय हे तिला कोणी सांगितले नव्हते. बाळंतरोग, अतिरक्तस्राव आणि अडलेले बाळंतपण ही आईच्या मृत्यूची ठरलेली कारणे होती. बाळाच्या बाबतीत सर्वांत क्रूर होता तो धनुर्वात. गंजक्या पात्याने वा विळ्याने कापलेल्या नाळेतून शिरलेला हा रोग बहुधा पहिल्या आठवड्यातच बाळाचे दूध तोडी. मराठी घरांत पाचवी-सहावीला सटवीची पूजा होते, कपाळी नशीब लिहायला ती येते असे मानतात. नेमके हेच दिवस बाळाच्या जिवाला सर्वाधिक धोक्याचे असत. रूढीने तो धोका ओळखला होता, उपाय मात्र तिच्याजवळ नव्हता.

पडद्यामुळे पुरुष डॉक्टर बाळंतिणीपर्यंत पोहोचू शकत नसे. ही अडचण साऱ्या हिंदुस्थानची होती. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने निधी निघाला तो स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावी म्हणूनच. मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. हैदराबादेत त्याच सुमारास ब्रिटिश रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनी हैदराबाद मेडिकल स्कूलचे दार मुलींना उघडून दिले. १८४६ मध्ये निघालेल्या या शाळेत वैद्यकाचे शिक्षण सुरुवातीला उर्दूतून चाले. इथूनच रूपाबाई फर्दुनजी ही पारशी मुलगी १८८९ मध्ये हकीम होऊन बाहेर पडली. रुग्णाला क्लोरोफॉर्म देण्याचे काम तिच्याकडे आले. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत तिची गणना होते. रेसिडेन्सीचे रुग्णालय म्हणजे आजच्या सुलतानबाजारातले. तिथे, अफझलगंजात आणि जनाना रुग्णालयातही तिने काम केले.

क्लोरोफॉर्म आणि बाळंतपण यांचे नाते जुने आहे. एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये ते प्रसूतीसाठी वापरले आणि १८५३ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीने ते घेतल्यावर धर्मगुरूंची कुरकुर थांबली. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो हृदय थांबल्याने की श्वास थांबल्याने, हा वाद सोडवण्यासाठी १८८८ आणि १८८९ मध्ये लॉरी यांनी हैदराबादेत दोन आयोग बसवले. खर्च निजाम सरकारने सोसला. आयोगाने श्वासाच्या बाजूने निकाल दिला. पुढे तो पूर्णपणे टिकला नाही, पण त्यामुळे हैदराबादचे नाव लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकांत गाजले. रूपाबाईंनी पुढे एडिंबरोला जाऊन रसायनशास्त्राचेही शिक्षण घेतले. १९२० मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा चादरघाट रुग्णालयाच्या अधीक्षक होत्या. काचीगुड्यापासून चादरघाट हाकेच्या अंतरावर आहे.

शहराचा पहिला मोठा जचगीखाना मात्र नदीकाठी उभा राहिला. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळात, व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ, व्हिक्टोरिया जनाना रुग्णालयाची कोनशिला १९०६ च्या शाही दौऱ्यात प्रिन्सेस ऑफ वेल्स यांनी बसवली. पडदानशीन स्त्रियांना येता यावे अशा बेताने ते बांधलेले होते. अशा रुग्णालयांत पहिली काही वर्षे कोण येई, तर घरी धड न झालेली, दाईने हात टेकलेली बाई. चांगल्या घरची बाळंतीण रुग्णालयात जाणे हे कमीपणाचे मानले जाई. ती समजूत मोडायला दोन पिढ्या लागल्या.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. मृतांचा आकडा साधारण पंधरा हजार सांगितला जातो. पुराचा बाळांच्या आरोग्याशी संबंध लावणे कोणाला ओढूनताणून वाटेल, पण तो खरा आहे. पुरानंतर अभियंते विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले. उस्मानसागर धरण १९२० मध्ये आणि हिमायतसागर धरण १९२७ मध्ये पुरे झाले. नळाचे पाणी आणि भुयारी गटारे आली. १९१२ मध्ये नगर सुधार मंडळ स्थापन झाले आणि कोंदट वस्त्या मोडून रुंद रस्ते, हवेशीर घरे आखली गेली. तान्ह्या मुलांचा सर्वांत मोठा शत्रू हगवण होता, आणि त्याच्यावर त्या काळी औषधापेक्षा स्वच्छ पाण्याचाच उपाय अधिक लागू पडे. माता-बाल आरोग्याच्या इतिहासात धरणांचे नाव सहसा घेतले जात नाही. हैदराबादेत ते घ्यावे लागते.

याच काळात काचीगुडा-बरकतपुरा पट्ट्याचा मराठवाड्याशी संबंध घट्ट झाला. मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेडमार्गे येणारी मीटरगेज गाडी हैदराबाद संस्थानाचा मराठी मुलूख राजधानीला जोडत होती. १९१६ मध्ये काचीगुड्याचे स्थानक उभे राहिले आणि मराठवाड्याची वाट त्याच्या फलाटावर येऊन संपू लागली. वकिली, सरकारी नोकरी, शिक्षण, कोर्टकचेरी यांसाठी आलेली मराठी कुटुंबे सुलतानबाजार, बडी चावडी, गौळीगुडा, काचीगुडा या भागांत विसावली. विवेकवर्धिनीसारखी शाळा आणि मराठी ग्रंथसंग्रहालय त्यांनी उभे केले. पहिलटकरणीने माहेरी जायचे ही रीत असल्याने या घरांतली पुष्कळ बाळंतपणे नांदेड-परभणीकडच्या माहेरी होत, तर तिकडे दिलेल्या मुली बाळंतपणाला हैदराबादेत येत. गाडीचा प्रवास, मग शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सव्वा महिना. या व्यवस्थेत आईला विश्रांती मिळे हे खरे. पण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तिची तपासणी करणारे माणूस बदलत असे आणि आधीची कसलीच नोंद नव्या जागी पोहोचत नसे. माहेरच्या रिवाजाची ही उणी बाजू आजच्या माता-बाल कार्डालाही छळते.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. त्याच वर्षी बोग्गुलकुंट्यात लूर्ड्स फर्नांडिस यांनी दोन खाटांचे छोटे प्रसूतिगृह सुरू केले. तेच पुढे फर्नांडिस हॉस्पिटल म्हणून वाढले आणि या लेखाच्या उत्तरार्धात ते पुन्हा येणार आहे. सरकारी बाजूची मोठी घटना म्हणजे निलोफर रुग्णालय. उस्मानी तुर्की राजघराण्यातली निलोफर ही सातव्या निजामाचा दुसरा मुलगा मोअज्जम जाह याची पत्नी. १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरी लग्न होऊन ती हैदराबादेत आली. तिची आवडती दासी १९४९ मध्ये बाळंतपणात दगावली. प्रसूतीची धड सोय नसल्याने असा जीव जावा हे तिला सहन झाले नाही, आणि तिने सासऱ्यांपुढे रुग्णालयाचा आग्रह धरला. १९५३ मध्ये रेड हिल्स भागात स्त्रिया व मुलांसाठी रुग्णालय उघडले. निलोफर स्वतः निपुत्रिक राहिली. रुग्णालय उघडण्याच्या आदल्याच वर्षी तिचा घटस्फोट झाला होता. आजही तेलंगणाच्या कानाकोपऱ्यातून आजारी अर्भके घेऊन लोक निलोफरलाच येतात.

नारायणगुड्यापलीकडच्या विद्यानगरात आंध्र महिला सभेचे आवार आहे. पुढे दुर्गाबाई देशमुख म्हणून ओळखल्या गेलेल्या दुर्गाबाईंनी १९३७ मध्ये मद्रासेत रोवलेल्या या संस्थेची शाखा पुढे हैदराबादेत बहरली आणि तिथे त्यांच्या नावाचे रुग्णालय चालते. १९५३ मध्ये त्यांचा विवाह चिंतामणराव देशमुखांशी झाला. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर अर्थमंत्री झालेले हे मराठी गृहस्थ. दिल्ली सोडल्यावर दोघे या आवारातच राहिले आणि चिंतामणरावांचे निधनही १९८२ मध्ये हैदराबादेतच झाले. १९५३ मध्येच स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या दुर्गाबाई पहिल्या अध्यक्ष होत्या. बालवाडी, दाईचे प्रशिक्षण आणि बाळंतिणीची सोय एकाच छपराखाली आणायची, हा मंडळाच्या ग्रामीण केंद्रांचा आराखडा होता. तो खेड्यांसाठी होता. शहरातल्या झोपडपट्टीचा विचार तेव्हा कोणाच्याच आराखड्यात नव्हता, कारण शहरात दवाखाने आहेतच अशी समजूत होती.

ती समजूत मोडायला १९८२ उजाडले. कृष्णन समितीने त्या वर्षी शहरी गरीब वस्त्यांसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात आरोग्य चौक्या सुचवल्या. तोपर्यंत शहरी स्त्रीच्या दारी सरकार येई ते मुख्यतः कुटुंबनियोजनाचा संदेश घेऊन. गर्भारपणात विचारपूस करायला येणारी परिचारिका मागाहून शस्त्रक्रियेचे लक्ष्य सांगणार हे बायकांना ठाऊक असे. पुढे दारावर आलेल्या बाईला लस टोचू देताना घरे बिचकली, त्यात या काळाचाही वाटा होता. नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या पैशावर ‘आयपीपी-८’ हा लोकसंख्या प्रकल्प हैदराबाद, कोलकाता, दिल्ली व बेंगळुरू या शहरांत राबवला गेला. हैदराबादच्या वस्त्यांत त्यातून नागरी आरोग्य चौक्या उभ्या राहिल्या आणि वस्तीतल्याच बायकांना दुवा म्हणून नेमण्याची प्रथा रुजली. रुग्णालयाने माणसाची वाट पाहण्याऐवजी सेवेनेच माणसाकडे जायचे, याला हैदराबादेत खरी सुरुवात इथून झाली.

या कल्पनेला शास्त्रीय आधार मिळाला तो हैदराबादेपासून दूर, गडचिरोलीत. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला तयार केले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब राखणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणे, हे सारे घरात जाऊन. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. डॉक्टरावाचून हे होणार नाही असे मानणाऱ्यांना तो मोठा धक्का होता. २०११ मध्ये केंद्र सरकारने या पद्धतीचे थोडे मवाळ रूप देशभर लागू केले. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे. आज शहरातल्या बस्तीत आशा बाळाच्या छातीवरचे कापड सरकवून मिनिटभर श्वास मोजते, त्या कृतीचा उगम गोंड मुलखातल्या खेड्यांत आहे.

२०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान मंजूर झाले. सुमारे पन्नास हजार लोकसंख्येला एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि दर दहा हजारांमागे एक एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका, हे त्याचे माप. बरकतपुऱ्यातले केंद्र या साखळीतले. अशा केंद्रात प्रसूती होत नाही. गरोदर बाईची नोंद पहिल्या तीन महिन्यांत व्हावी, किमान चार तपासण्या व्हाव्यात, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतली साखर व प्रथिने पाहिली जावीत, लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या मिळाव्यात आणि धोक्याची बाई वेळीच सुलतानबाजारला किंवा पेटलाबुर्जला पाठवली जावी, एवढे त्याचे काम. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण गर्भारपणातला वाढता रक्तदाब वेळेवर हाती लागला नाही, तर झटके येऊन बाई जाते, आणि मोठ्यातले मोठे रुग्णालयही अशा वेळी कमी पडते. दाबपट्टा आणि एक टेबल-खुर्ची यांनी जेवढ्या आया वाचतात, तेवढ्या संगमरवरी इमारतींनी वाचत नाहीत.

तेलंगणात लसीकरणाचे वार बुधवार आणि शनिवार. त्या दिवशी निळ्या लस-पेटीत चार बर्फाच्या कुप्या घातलेल्या असतात. कुपी शीतकपाटातून काढून लगेच घालायची नाही, तिला घाम सुटू द्यायचा, हलवली की आत पाणी खळखळले पाहिजे. नाहीतर गोठण्याने पेंटाव्हॅलंटसारखी लस वाया जाते. लसीच्या कुपीवरच्या वर्तुळात एक छोटा चौकोन असतो. तो वर्तुळापेक्षा फिकट आहे तोवर लस चालते, गडद झाला की फेकायची. बीसीजी डाव्या दंडावर कातडीत, पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीत. टोचल्यावर आईला अर्धा तास थांबवून घेतात, ताप आला तर काय करायचे आणि पुढची तारीख कोणती हे सांगतात. सहा, दहा, चौदा आठवडे आणि मग नववा महिना, हे हिशेब आता कमी शिकलेल्या आयांनाही तोंडपाठ असतात. पहिल्या आठवड्यात येणाऱ्या धनुर्वाताचे वेळापत्रक मात्र आता कोणाला आठवत नाही. गरोदरपणातली लस आणि स्वच्छ प्रसूती यांमुळे २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

बरकतपुऱ्याच्या शेजारी, अंबरपेठेत, २०१६ च्या उन्हाळ्यात या व्यवस्थेची परीक्षा झाली. तिथल्या सांडपाण्याच्या नमुन्यात लसीतून उत्पन्न झालेला पोलिओचा दुसऱ्या प्रकारचा विषाणू सापडला. मूल एकही आजारी नव्हते. भारत २०१४ मध्येच पोलिओमुक्त ठरला होता आणि तोंडी लसीतला दुसरा प्रकार नुकताच काढून टाकला होता. जूनमध्ये हैदराबाद व रंगारेड्डी जिल्ह्यांच्या धोक्याच्या भागांत तीन लाखांवर मुलांना टोचायची पोलिओ लस देण्यात आली. लस जगभर तुटवड्यात असल्याने पूर्ण मात्रेऐवजी पाचवा हिस्सा कातडीत टोचण्याची युक्ती वापरली गेली. आठवडाभरात एवढे उरकले ते वस्तीवस्तीत ओळखीची माणसे आधीच तयार होती म्हणून.

२ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले. ३ जून २०१७ रोजी पेटलाबुर्जच्या जचगीखान्यात ‘केसीआर किट’ योजना सुरू झाली. सरकारी रुग्णालयात बाळंत होणाऱ्या स्त्रीला बाळाचे कपडे, मच्छरदाणी, साबण, तेल, टॉवेल, साडी अशी पेटी आणि मुलगा झाल्यास बारा हजार, मुलगी झाल्यास तेरा हजार रुपये. पैसे एकरकमी नव्हते. तपासण्या झाल्यावर एक हप्ता, प्रसूतीनंतर दुसरा, साडेतीन महिन्यांच्या लसी झाल्यावर तिसरा, नवव्या महिन्याच्या लसीनंतर चौथा. पेटी लोकांच्या डोळ्यांत भरली, खरे बळ हप्त्यांत होते. फिनलंडने १९३८ मध्ये गरीब आयांना बाळपेटी द्यायला सुरुवात केली आणि १९४९ पासून ती सर्वांना दिली ती चौथा महिना संपण्याआधी दवाखान्यात जाण्याच्या अटीवर. तेलंगणाने तोच धागा पकडला होता. पाठोपाठ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत फरक दिसला. राज्यातल्या सरकारी संस्थांत होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २०१५-१६ मधील ३०.५ टक्क्यांवरून २०१९-२१ च्या पाहणीत ४९.७ टक्क्यांवर गेले. सगळे श्रेय पेटीला देता येणार नाही, पण तिचा हात नाकारताही येणार नाही. मातामृत्यूचे प्रमाण २०१४-१६ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ८१ होते. ते २०१८-२० मध्ये ४३ झाले.

त्याच कुटुंब आरोग्य पाहणीने दुसरी बाजूही उघडी केली. तेलंगणात ९७ टक्के बाळंतपणे रुग्णालयात होत होती आणि त्यांपैकी बरीच पोट कापून. सिझेरियनचे प्रमाण ६०.७ टक्के, देशात सर्वाधिक. खासगी रुग्णालयांत ८१.५ आणि सरकारीतही ४४.५ टक्के. मुहूर्त पाहून बाळ काढण्याची हौस, कळांची भीती, डॉक्टरांचा वेळ आणि पैसा, एकदा सिझेर झाले की पुन्हा तेच, अशी अनेक कारणे एकात एक गुंतलेली आहेत. शंभर वर्षे खटपट करून बाईला रुग्णालयात आणले आणि तिथे तिच्या कळांशेजारी बसून राहणारे माणूसच उरले नव्हते. दाईला हटवताना तिचे अज्ञान गेले तसा तिचा धीरही गेला.

यावरचा उपाय अर्थातच दाईचा होता, शिकलेल्या दाईचा. २०१७ मध्ये तेलंगण सरकारने फर्नांडिस संस्था व युनिसेफ यांच्या साथीने करीमनगरच्या सरकारी रुग्णालयात तीस परिचारिकांना मिडवाइफ म्हणून तयार करण्याचा अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. नैसर्गिक प्रसूती स्वतःच्या जबाबदारीवर पार पाडायची, गुंतागुंत ओळखली की डॉक्टरला बोलवायचे, असा त्यांचा अधिकार. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्रानेही मिडवाइफ सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. तुकड्या वाढल्या आणि या मिडवाइफ राज्यातल्या इतर सरकारी प्रसूती कक्षांत नेमल्या जाऊ लागल्या.

दरम्यान बरकतपुऱ्यासारख्या केंद्रांपुढचा जुना प्रश्न तसाच होता, तो रक्ताचा. २०१९-२१ च्या पाहणीत तेलंगणातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५३.२ टक्के रक्तक्षयी निघाल्या. गोळ्या मिळत होत्या, पण पोटात जात नव्हत्या, मळमळते म्हणून उशाखाली राहत होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने नऊ जिल्ह्यांत पोषण-पेटी सुरू केली आणि जून २०२३ मध्ये ती सगळ्या जिल्ह्यांत नेली, त्यात हैदराबादही आले. खजूर, तूप, पोषक भुकटी, लोहाचे सरबत आणि जंताची गोळी असे तिचे स्वरूप. गरोदरपणात ती दोनदा द्यायची आणि देताना हिमोग्लोबिन पुन्हा मोजून कार्डावर लिहायचे.